गायरानाला नकाशा 'पडीक' म्हणतो तेव्हा काय करायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात भूगोल शिकवतात आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहेत. प्रश्न थोडक्यात असा: गावाला सुमारे १४० हेक्टर गायरान आहे. सरकारी भूवापर नकाशात ते 'पडीक, झुडपी' असं दाखवलंय. कुणी म्हणतं तिथे झाडं लावा, कुणी म्हणतं सौर पॅनेल बसवा. त्या माळावर लांडगा, काळवीट, खोकड, धाविक पक्षी दिसतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण कागदावर त्याची एक ओळ नाही. फुकट मिळणाऱ्या उपग्रह-चित्रांवरून ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा नकाशा आपला आपण बनवता येईल का, आणि तो कुणी खोडून काढला तर?

ताई, बनवता येईल. नीट बनवला तर सहजी खोडताही येणार नाही. वीसेक वर्षं मी हेच काम करतोय, त्यातली बरीचशी सोलापूर, धाराशिव आणि कर्जतच्या माळांवर गेली. त्यामुळे आधी कोणतं सॉफ्टवेअर घ्या हे न सांगता 'पडीक' या शब्दापासून सुरुवात करतो. तुमचं अर्धं भांडण त्या शब्दाशी आहे.

ज्या जमिनीतून सारा येत नाही ती 'वेस्ट', ही इंग्रजांच्या महसुलातली वाटणी. ती जमिनीच्या उपजत गुणांवरून झालेली नव्हती, वसुलीवरून झालेली होती. पुढे उपग्रहावरून देशभराचे पडीक जमिनींचे नकाशे झाले तेव्हा माळ त्याच रकान्यात जाऊन बसला. झाड दिसत नाही, पीक दिसत नाही, म्हणजे जमीन वाया चाललीय असं गृहीत धरलं गेलं. आणि एकदा रकाना ठरला की पुढचं सगळं ओघाने येतं. पडीक जमिनीवर काहीतरी 'करायला' हवं, म्हणून मग चर खणा, ग्लिरिसिडिया लावा, प्रकल्पाला द्या. वास्तविक आपल्याकडचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. खाली वीतभर माती आणि मग मुरूम. अशा बरड जमिनीवर गवत हीच निसर्गाने पूर्ण करून दिलेली अवस्था आहे. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, मधूनच एखादी बोर किंवा हिवर. तिथे जंगल व्हायचं राहून गेलेलं नाही. देशातल्या अर्धशुष्क भागातल्या अशा खुल्या परिसंस्थांचे स्वतंत्र नकाशे अलीकडे संशोधकांनी तयार केलेत, आणि त्यातला अगदी थोडा भाग अभयारण्यांच्या हद्दीत येतो हे त्यांवरून स्पष्ट दिसतं. म्हणजे आपला बहुतेक माळ तुमच्यासारख्या गावांच्या गायरानात, पोटखराब्यात (शेतातल्या लागवडीलायक नसलेल्या भागात) आणि ओढ्याच्या काठांवर उरलाय.

तेव्हा तुमच्या नकाशाने एक गोष्ट सिद्ध करायची आहे: ही जागा गवताळ माळ आहे, गेली कित्येक वर्षं माळच आहे, आणि ती आजूबाजूच्या शिवाराशी जोडलेली आहे. यातले तिन्ही भाग लागतात. पहिल्यावर सगळे थांबतात, म्हणून त्यांचे नकाशे टिकत नाहीत.

आता उपग्रह-चित्रं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात. एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एका हेक्टरात १०० पिक्सेल. जोडीतले दोन्ही उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तुमच्या गावावरून जातात. ही चित्रं देणाऱ्या 'कोपर्निकस ब्राउझर' या संकेतस्थळावर खातं उघडलं की झालं. गावपातळीला हे भरपूर आहे. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरचे १:५०,००० चे भूवापर नकाशे भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या ज्या चित्रांवरून झाले त्यांचा पिक्सेल साडेतेवीस मीटरचा होता, म्हणजे हेक्टरी जेमतेम अठरा. त्या नकाशांनी जिल्ह्याचं चित्र चांगलं दिलं. मात्र तुमच्या गायरानातला ओढा, दोन एकराची गवताची पट्टी किंवा बांध त्यात शोधू नका.

चित्र मिळवणं सोपं आहे. कोणत्या तारखेचं चित्र घ्यायचं, तिथे खरी मेख आहे, आणि इथे सोलापूरची शेती माहीत असलेला माणूस कुठल्याही परदेशी अल्गोरिदमला मागे टाकतो. आपला जिल्हा रब्बीचा. काळ्या रानात पावसाळाभर काही नसतं, कुळवून ठेवलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारीचा पेरा होतो, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चला काढणी. माळाचं चक्र बरोबर उलटं. जूनच्या पावसानंतर गवत फुटतं, ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवंगार होतं, ऑक्टोबरात तुरे येतात, डिसेंबरात सगळा माळ सोन्यासारखा पिवळा. म्हणजे सप्टेंबरात माळ हिरवा आणि ज्वारीचं रान उघडं, तर डिसेंबरात ज्वारी हिरवी आणि माळ वाळलेला. ऊस बाराही महिने हिरवा. वेडी बाभूळ ऐन एप्रिल-मेच्या उन्हातही हिरवी, आणि ग्लिरिसिडिया जानेवारीनंतर पानं झाडून फेब्रुवारी-मार्चला गुलाबी फुलावर येतो.

हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. पण हेच एका चित्रात दिसू शकत नाही. मेमधल्या एकाच चित्रावरून नकाशा केला तर माळ, नांगरलेलं रान आणि खडी क्रशरची मोकळी जागा सगळं एकाच राखाडी-तपकिरी रंगात मिसळतं. जगभराचे जे तयार भूआच्छादन नकाशे मिळतात, त्यांत मी आपल्या भागातला माळ कितीदा 'शेती' आणि कितीदा 'उघडी जमीन' म्हणून रंगवलेला पाहिलाय. ते नकाशे वाईट नाहीत, ते आपल्या हंगामांसाठी बनलेले नाहीत इतकंच.

म्हणून किमान तीन तारखा घ्या: सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, डिसेंबरचा मध्य आणि एप्रिलची अखेर. सप्टेंबरात ढग त्रास देतात. पाच दिवसांनी चित्र मिळत असलं तरी महिन्यात एखादंच स्वच्छ निघतं. एका वर्षी नाही मिळालं तर गेल्या तीन वर्षांतल्या सप्टेंबरांची स्वच्छ चित्रं एकत्र करून मधलं मूल्य घ्या. प्रत्येक तारखेचा एनडीव्हीआय काढा, म्हणजे जवळच्या अवरक्त पट्ट्यातून लाल पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. सेंटिनेलमध्ये हे पट्टे अनुक्रमे ८ आणि ४. जिवंत हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त परतवतं, म्हणून हिरवाई असेल तिथे आकडा वर जातो. मग सप्टेंबरचा एनडीव्हीआय लाल रंगाला, डिसेंबरचा हिरव्याला आणि एप्रिलचा निळ्याला देऊन एकच चित्र तयार करा. माळ तांबडा उजळून निघेल, ज्वारीचं रान हिरवं दिसेल, आणि ऊस पांढुरका, कारण तो तिन्हीत आहे. वेडी बाभूळही पांढुरक्याच्या जवळ जाते, तेवढी मात्र पायी जाऊन वेगळी काढावी लागते. हे चित्र पहिल्यांदा पडद्यावर उमटतं तो क्षण मला आजही आवडतो. सगळं शिवार आपापल्या पंचांगासकट समोर येतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका कामासाठी मी फक्त जानेवारीच्या चित्रांवरून मोहोळ-बार्शीकडच्या पट्ट्याचा नकाशा केला होता. त्यात मी बऱ्याच माळाला 'कापणी झालेली शेती' लिहिलं. तो नकाशा घेऊन पडताळणीला गेलो तेव्हा मेंढरं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगर मामांना विचारलं, इथे शेवटचं पीक कधी घेतलं होतं? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "इथं कुळव कधी लागलाच न्हाई. माझ्या आज्ज्याची मेंढरं बी इथंच बसायची." मग त्यांनी काठीने दाखवलं: ही पट्टी पावसाळ्यात चारायची, ती वरची दिवाळीनंतर, ओढ्याकाठची उन्हाळ्यासाठी राखून ठेवायची. माझ्या नकाशात ज्याचा एकच रंग होता त्याचे त्यांच्या डोक्यात तीन भाग होते, आणि ते तिन्ही पुढे मला चित्रांच्या मालिकेत वेगवेगळे दिसले. तेव्हापासून चराईची माहिती विचारल्याशिवाय मी नकाशाला हात घालत नाही. तुम्हीही गावातल्या मेंढपाळांना आधी बसवा, लॅपटॉप नंतर उघडा.

दुसरा भाग, जुनेपणा. सौर प्रकल्पवाला किंवा लागवडवाला हमखास म्हणेल, ही जमीन जंगलतोडीमुळे उजाड झालीय. याला उत्तर द्यायला अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा संग्रह आहे. १९७२ पासूनचा, ३० मीटरची चित्रं १९८२ नंतरची, आणि २००८ पासून सगळा फुकट. १९९० च्या आसपासचा एक डिसेंबर आणि आत्ताचा डिसेंबर शेजारी शेजारी ठेवा. त्याहून मागे जायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशे. सोलापूर शहराची शीट ४७ ओ/१४, त्याच्या वरची ४७ ओ/१३, तुमचा परिसर बहुधा यांतच येईल. या शीटांवर 'खुलं झुडूप' असे शेरे छापलेले असतात, ओढे, विहिरी, गाडीवाटाही. एक सावधगिरी: जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावर आहेत. तशाच आजच्या चित्रावर टाकल्या तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटर सरकतात. देवळं, जुन्या विहिरी, ओढ्यांचे संगम असे न हललेले बिंदू धरून त्या बसवून घ्या. गट नंबरांच्या नकाशालाही हेच लागू. राज्याच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावरचा गट घेऊन थेट हद्द म्हणून छापू नका. तो मूळ मोजणीच्या कागदावरून आलाय, प्रत्यक्ष बांधापासून हटलेला असू शकतो, आणि दोन मीटरच्या फरकावरून शेजारचा शेतकरी उगीच विरोधात जाईल. नकाशावर 'अंदाजे हद्द' लिहा, वादाच्या बाजूला भूमी अभिलेखकडून मोजणी मागा. क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्र मोजण्याआधी सगळे थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात आणा (सॉफ्टवेअरमधला संकेतांक ईपीएसजी ३२६४३). अंशांत ठेवून मोजलेलं क्षेत्र चुकतं, आणि भर सभेत हेक्टर चुकले की बाकीचं कुणी ऐकत नाही.

तिसरा भाग भूदृश्य परिसंस्थाशास्त्राचा. 'भूदृश्य परिसंस्थाशास्त्र' हा शब्द कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलज्ञाने १९३९ मध्ये घडवला, आणि तोही विमानातून घेतलेली छायाचित्रं पाहता पाहता. वरून पाहिलं की परिसर तुकड्यांचा दिसतो आणि प्रश्न पडतो, हे तुकडे एकमेकांशी कसे वागतात? या शास्त्राची मांडणी साधी आहे. एक असतो तुकडा, तुमचं गायरान. एक असते वाट, तुकड्यांना जोडणारी, म्हणजे ओढा, पाणंद, बांधाची गवतपट्टी. आणि या सगळ्याला वेढून असलेला मोठा पसारा, म्हणजे आपल्याकडे शेती. प्राणी कुठे टिकेल हे तिघांवर ठरतं. तुकड्याच्या एकट्या क्षेत्रफळावर नाही.

तुकड्याचं उदाहरण तुमच्याच आकड्यावर करून दाखवतो. १४० हेक्टरचा माळ चौरस धरला तर बाजू सुमारे ११८३ मीटर. जमिनीवर अंडी घालणारा लाजाळू पक्षी वर्दळीच्या कडेपासून २०० मीटर आत राहतो असं समजू (हा आकडा उदाहरणापुरता). मग चारी बाजूंनी २०० मीटर सोडून आतला निवांत गाभा उरतो साधारण ६१ हेक्टरचा. आता मधोमध बारा मीटर रुंदीचा रस्ता टाका. रस्त्याखाली जमीन गेली जेमतेम दीड हेक्टर, आणि प्रस्तावातही तेवढीच लिहिलेली असेल. पण दोन्ही अर्ध्यांत नव्या कडा तयार झाल्या. प्रत्येक अर्ध्याचा गाभा उरला साधारण साडेचौदा हेक्टर, दोन्ही मिळून २९. दीड हेक्टरच्या रस्त्याने निम्मा गाभा खाल्ला. हाच रस्ता कडेने नेला तर गाभा जवळपास तसाच राहतो. क्यूजीआयएसमध्ये आतल्या बाजूने बफर, म्हणजे ठरावीक रुंदीची पट्टी काढून हे पाच मिनिटांत होतं. सभेत नुसतं 'पर्यावरणाचं नुकसान' म्हणण्यापेक्षा ६१ आणि २९ हे दोन आकडे दाखवा. सौर प्रकल्पालाही हाच हिशेब लावा, त्यात कुंपण आणि वीजवाहिन्या धरून.

वीजवाहिन्यांचं वेगळं सांगतो, कारण माळढोकाच्या बाबतीत ती जिवावरची गोष्ट आहे. हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. राजस्थान-गुजरातमधल्या तारांचा प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो याचमुळे. आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आता एखादाच माळढोक दिसल्याच्या नोंदी होतात. मी माळावर जाऊ लागलो तेव्हा थोडे तरी होते. याबद्दल शांतपणे लिहिणं मला अजून जमत नाही, म्हणून इथे थांबतो.

मात्र त्याच माळढोकाच्या अभयारण्यातून नकाशाविषयी जे शिकायला मिळालं ते सांगायलाच हवं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेलं. सोलापूर जिल्हाच सगळा मिळून १४,८९५ चौरस किलोमीटरचा, यावरून आवाका कळेल. रेषेच्या आत गावं, शहरं, बागायती, रस्ते सगळं आलं. प्रत्यक्ष माळ त्यात विखुरलेल्या ठिगळांसारखा होता. जमीन विकता येईना, बांधकाम अडलं, लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माझं मत असं आहे की चूक रेषा मोठी असण्यात नव्हती, रेषेच्या आत एकच नियम असण्यात होती. पक्ष्याला माळावर वीण हवी होती, ज्वारी-हरभरा-करडईच्या रानात चरायला हवं होतं, आणि मधला प्रदेश मोकळा हवा होता. या तीन गरजांना तीन वेगळे नियम लागतात. तेव्हा अशी हंगामवार चित्रं हाताशी नव्हती. आज आहेत, म्हणून तुमच्या नकाशात एकच जाड हद्द काढून थांबू नका. गाभा कुठला, चराईचा कुठला, गावाच्या वापराचा कुठला, हे आतल्या आत दाखवा.

करडई-ज्वारीचा उल्लेख आला तो पसाऱ्यामुळे. जिरायती रब्बीचं शिवार माळावरच्या जिवांना परकं नसतं. नजर मोकळी राहते, किडे-टोळ मिळतात, काढणीनंतर रान उघडं पडतं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे दिवसभर याच रानांवरून टोळ टिपत फिरतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात. उसाचं तसं नाही. दोन पुरुष उंचीची हिरवी भिंत, बारमाही पाणी, माणसांचा राबता. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि कालव्याचं पाणी जसं पसरलं तसा हा पसारा बदलत गेला. शेतकऱ्याने ऊस का लावू नये हे सांगण्याचा मला अधिकार नाही, त्याच्या घरात हमीचा पैसा येतो. पण १९९० आणि आत्ताचा डिसेंबर व एप्रिल शेजारी ठेवल्यावर तुमच्या गायरानाच्या कोणत्या बाजूला अजून ज्वारी आहे आणि कोणती बाजू उसाने बंद झाली हे लगेच दिसेल. जी बाजू मोकळी आहे तिकडचा माळ प्राण्यांच्या दृष्टीने जास्त मोलाचा. प्रकल्पाला काही हेक्टर द्यायचीच वेळ आली, तर ती बंद झालेल्या बाजूची द्या.

वाटा शोधायला लांडग्याला डोळ्यांपुढे ठेवा. एका कळपाचा वावर शे-दोनशे चौरस किलोमीटरचा असतो. तुमचं गायरान दीड चौरस किलोमीटरही नाही, म्हणजे ते त्याचं एक मुक्कामाचं ठिकाण. तो मार्डी, वडाळा, कारंबा, अकोलेकाटीकडच्या माळांशी तुमचा माळ जोडून वापरत असणार, आणि बहुतेक ओढ्यांनी. उंचीच्या ३० मीटरच्या फुकट आकडेवारीतून ओढ्यांचं जाळं काढा, त्यावर माळाचे तुकडे ठेवा, महामार्ग ठेवा. सोलापूर-पुणे ६५ आणि सोलापूर-धुळे ५२ हे आपल्याकडचे मोठे अडथळे. संगणकावर कमी कष्टाचा मार्ग काढणारी साधनं आहेत, ती वापरा, पण त्या मार्गाने चालत जाऊन महामार्गाखालची प्रत्येक मोरी डोळ्यांनी बघा. मोरीत कचरा भरलाय का, पलीकडे तारेचं कुंपण आलंय का, वाळूत पायाचे ठसे आहेत का. नकाशावर जी वाट उत्तम दिसत होती ती एका बुजलेल्या मोरीपाशी संपलेली मी पाहिलीय. आणि ओढ्याचं खोलीकरण करताना जेसीबीने दोन्ही काठ सरळ कापले जातात तेव्हा खोकडांची बिळं, दरडीतल्या गुहा आणि काठाचं गवत एका दिवसात जातं. पाणी अडवणं गरजेचंच आहे. एक काठ तसाच ठेवा, एवढी अट ठरावात घालता येते.

दहा मीटरच्या पिक्सेलमध्येही बांध दिसत नाही. म्हणून बांधांची गवतपट्टी हाताने काढा, गूगल अर्थच्या मोठ्या चित्रावरून. सातबाऱ्यावरचा पोटखराबाही बघा. ओढ्याकाठचा, खडकाचा, लागवडीलायक नाही म्हणून सोडलेला तो पाच-दहा गुंठ्यांचा भाग कुणाच्या हिशेबात नसतो, पण असे शंभर तुकडे ओळीने जोडले की जी साखळी तयार होते ती मी दुसऱ्या कशातही पाहिलेली नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. नकाशाला कुणी आव्हान दिलं तर वाचवतो तो पडताळणीचा तक्ता. माळ, जिरायती, बागायती, झाडझाडोरा, उघडी जमीन अशा पाच प्रकारांत प्रत्येकी पन्नास बिंदू संगणकाकडून यादृच्छिक काढून घ्या, आपल्या सोयीचे निवडू नका. अडीचशे बिंदू तुमच्या आठवी-नववीच्या मुलांना दोन-तीन रविवारांत होतील. प्रत्येक बिंदूवर चार दिशांचे चार फोटो, तारीख, आणि जमीनमालकाची परवानगी. मग नकाशा काय म्हणाला आणि जमिनीवर काय सापडलं याचा चौकोनी तक्ता मांडा. किती चुकलं ते लपवू नका. 'माळ म्हटलेल्या पन्नासपैकी सहा ठिकाणी जुनं पडीक शेत निघालं' असं लिहिलेला नकाशा अधिकाऱ्यांसमोर जास्त भक्कम ठरतो. एका कार्यालयात माझ्या नकाशावर "हे कशावरून?" एवढंच विचारलं गेलं होतं आणि माझ्याकडे तक्ता नव्हता. तो माळ आता तिथे नाही.

प्राण्यांच्या नोंदींबद्दल कळकळीची विनंती. लांडग्याची गुहा, धाविकाचं घरटं, तरसाचं बीळ यांचे अचूक अक्षांश-रेखांश कुठेही जाहीर करू नका. गावच्या गटावर, समाजमाध्यमांवर किंवा अहवालाच्या छापील नकाशावर नको. अचूक नोंद समितीच्या वहीत कुलपात ठेवा आणि जाहीर नकाशात एक किलोमीटरच्या चौकटीत 'आढळ' एवढंच दाखवा. फोटोसाठी गाड्या घेऊन माणसं येतात आणि पिल्लं असलेली गुहा लांडगीण सोडते. शिवाय मेंढरं मारल्याचा राग मनात असलेला माणूसही गावात असतोच, आणि त्याचं नुकसान खरं असतं. त्याचं मेंढरू गेलं तर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज समितीने स्वतः पुढे होऊन करून द्यावा. काळवीट ज्वारीत शिरतं त्याचंही तसंच. हे केल्याशिवाय माळ वाचवायचा ठराव मन लावून कुणी पास करणार नाही.

कागदाची बाजू थोडक्यात. जैवविविधता कायदा २००२ मधला आहे, त्याखाली समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. नकाशा, पडताळणीचा तक्ता, मेंढपाळांनी सांगितलेली चराईची विभागणी हे सगळं नोंदवहीत चढवा, ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावाला नकाशाचा क्रमांक जोडा. ठरावात 'पडीक' हा शब्द येऊ देऊ नका. 'गवताळ माळ, गावचे चराई क्षेत्र' असं लिहा. गायरान सरकारी मालकीचं असतं आणि शेवटचा निर्णय जिल्हाधिकारी पातळीवर होतो, पण तिथल्या फाईलमध्ये गावचा ठराव आणि नकाशा आधीच असला तर पुढची नोंद त्याला वळसा घालून लिहिता येत नाही. नुसतं नको म्हणून येऊ नका, पर्याय घेऊन जा. झाडांसाठी गावठाणाभोवतीची जागा, शाळा, रस्त्याच्या कडा, विहिरींचे काठ, तिथे कडुनिंब, चिंच, वड लावा. पॅनेलसाठी बंद पडलेली खडीची खाण, कालव्याकडची वापरात नसलेली पट्टी, उपकेंद्राजवळची जमीन. हेही त्याच नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा, हेक्टरसकट.

सुरुवात कधी करायची म्हणाल, तर आत्ता मेंढपाळांशी बोलून घ्या आणि जुन्या चित्रांचं काम उरका. पडताळणीचा पहिला रविवार गणपती गेल्यानंतरचा ठेवा. तेव्हा गवत गुडघ्याला लागलेलं असतं, ज्वारीचं रान अजून उघडं असतं, आणि बांधावर उभं राहिलं की माळ कुठे संपतो ते मुलांना बोटाने दाखवता येतं.